कोन गेलेला बोल्ट

बोल्टच्या षट्कोनी डोक्याला पाना लावला की सगळा जोर त्या डोक्याच्या कोनांजवळच्या अरुंद पट्ट्यांवर येतो. पाना नेमक्या मापाचा असेल तर या पट्ट्या तो जोर सहज पेलतात. पाना किंचित सैल असला, तिरपा बसला किंवा त्याचे तोंड फाकलेले असले, तर जोर कोनाच्या टोकावर गोळा होतो, धातू चेपून पुढे सरकतो आणि पाना निसटतो. पुढच्या खेपेला धरायला आधीपेक्षा कमी धातू उरलेला असतो. दोन-तीनदा असे झाले की डोके वाटोळे होते. गॅरेजमध्ये याला ‘बोल्ट स्लिप झाला’ किंवा ‘गोल झाला’ म्हणतात.

‘आटे गेले’ ही तक्रार वेगळी. तिथे डोके शाबूत असते, पाना नीट धरतो, पण बोल्ट जागच्या जागी फिरत राहतो. ना घट्ट होतो, ना बाहेर येतो. ॲल्युमिनियमच्या भोकातले मऊ आटे बोल्टने खरवडून काढलेले असतात. तिसरा प्रकार सर्वांत अवघड: डोके तुटून हातात येते आणि दांडा इंजिनात अडकून राहतो. तिन्ही बिघाडांवरचे उपाय निरनिराळे आहेत. समोर कोणता बिघाड आहे हे ओळखण्याआधीच जोर लावायला लागणारा माणूस बहुधा पहिल्याचा तिसरा करून ठेवतो.

इंजिनावर काही जागा या दुखण्यासाठी ठरलेल्या आहेत. ऑइल बदलताना दर वेळी काढला जाणारा ऑइल संपचा ड्रेन प्लग गोल होतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड तापून-थंडावून गंजतात आणि तुटतात. थर्मोस्टॅट हाउसिंग आणि वॉटर पंपाचे बोल्ट पाण्यामुळे आतून चिकटतात. स्पार्क प्लगच्या भोकातले आटे प्लग तिरपा चढवल्याने जातात.

सुताचे पाने आणि मिलिमीटरचे पाने

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, हे वाहनांशी जुने नाते असलेले गाव. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, १९४८ पासून इथे आहे. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा इथे आहे. कायनेटिकची लूना इथल्याच कारखान्यात तयार होत असे. आणि १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय इथे आहे. बोल्ट गोल का होतात याचे अर्धे उत्तर या संग्रहालयात उभ्या असलेल्या रणगाड्यांच्या अंगावर सापडते. मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल हे ब्रिटिश रणगाडे, अमेरिकी बनावटीचा पॅटन आणि आवडीच्या कारखान्यात बनलेला विजयंता एकाच आवारात आहेत. पण त्या सगळ्यांचे बोल्ट सोडवायला पान्यांचा एकच संच पुरणार नाही.

ब्रिटनमध्ये १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचे प्रमाण सुचवले. त्यात आट्याच्या खाचेचा कोन ५५ अंशांचा होता. अमेरिकेने पुढे ६० अंशांचे आटे स्वीकारले. पाव इंच, ५/१६ इंच आणि ३/८ इंच या मापांत दोन्हीकडच्या जाड आट्यांची इंचामागची संख्या सारखीच आहे: २०, १८ आणि १६. त्यामुळे एका देशाचा बोल्ट दुसऱ्या देशाच्या नटात शिरतो, फिरतोही. फक्त आत दोन्ही आटे एकमेकांना कुरतडत असतात. पान्यांचा घोळ याहून मोठा. व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टच्या दांड्याचे माप कोरलेले असते, तर अमेरिकी पान्यावर डोक्याच्या रुंदीचे. म्हणून ‘अर्धा इंच’ असे कोरलेल्या व्हिटवर्थ पान्याचे तोंड सुमारे २३.४ मिलिमीटरचे, आणि तेच कोरलेल्या अमेरिकी पान्याचे १२.७ मिलिमीटरचे. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांना या तफावतीचा इतका त्रास झाला की १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकाच ‘युनिफाइड’ आट्यावर करार केला. तोही इंचातच.

भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली. रस्त्यावरच्या आणि शेतातल्या यंत्रांनी मात्र इंच सोडायला कित्येक दशके घेतली. विलिसच्या नमुन्यावरच्या जुन्या जीप, ॲम्बेसेडर मोटारी, मॅसी फर्ग्युसनचे जुने ट्रॅक्टर यांच्या अंगावर इंचाचे बोल्ट आहेत. कारागिरांच्या बोलीत इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. तीन सुती बोल्ट म्हणजे दांडा ३/८ इंच; त्याचे डोके साडेचार सूत, म्हणजे १४.२९ मिलिमीटर. अडीच सुती बोल्टचे डोके चार सूत, म्हणजे १२.७ मिलिमीटर. आता पेटीत फक्त मिलिमीटरचे पाने असतील तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. १२.७ च्या डोक्यावर १३ चा पाना चढतो आणि बरोबर बसल्यासारखा वाटतो. फट अवघी ०.३ मिलिमीटरची. सैल बोल्टला ती चालून जाते. गंजलेल्या बोल्टला त्याच फटीतून कोन जातात. साडेचार सुतीवर तर १४ चा पाना चढतच नाही, म्हणून १५ चा लावला जातो, आणि तिथे फट ०.७ मिलिमीटर होते. सहा सुताचे, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचे डोके मात्र १९ च्या पान्याला निमूट दाद देते.

गळीत हंगामात ही चूक सर्वाधिक घडते. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतो, बिघाड उसाच्या फडात किंवा कारखान्याच्या रांगेत होतो, आणि हाताला लागेल तो पाना वापरला जातो. पाइप पाना तर बोल्टच्या डोक्याचा वैरीच. त्याचे दात धरतात खरे, पण प्रत्येक पकडीत कोन सोलून काढतात.

नव्या मोटारींतही मापांचा गोंधळ संपलेला नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर जपानी प्रमाणे आली. ८ मिलिमीटर दांड्याच्या बोल्टचे डोके जपानी प्रमाणात १२ चे असते, युरोपीय प्रमाणात १३ चे. १० मिलिमीटरच्या बोल्टचे डोके जपानीत १४, आंतरराष्ट्रीय प्रमाणात १६ आणि जुन्या जर्मन प्रमाणात १७. आट्यांतही असाच सापळा आहे. जपानी वळणाच्या इंजिनांत १० मिलिमीटरचा बोल्ट बहुधा १.२५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा असतो, तर हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो १.५ चा. तो भोकात एक-दोन फेरे जातो आणि अडतो. ‘जरा जड जातोय’ म्हणून पान्याने पुढे ढकलला की इंजिनाचे आटे गेलेच.

चिकटतो कशाने

बोल्ट घट्ट केला म्हणजे तो रबराच्या दोरीसारखा किंचित ताणला जातो, आणि हा ताणच दोन भागांना एकत्र दाबून धरतो. पान्याला लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा हा ताण निर्माण करतो. साधारण निम्मा जोर डोक्याखालच्या घर्षणात जातो आणि उरलेला आट्यांच्या घर्षणात. म्हणजे बोल्ट सोडवताना खरी लढत घर्षणाशी असते, आणि गंज ते घर्षण अनेक पटींनी वाढवतो. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांच्या बारीक फटीत तो पाचरीसारखा ठासून बसतो. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये असेल आणि तिथे ओल पोचली, तर दोन धातूंत विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होते. ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी भरले की थर्मोस्टॅटजवळच्या बोल्टांची हीच गत होते.

नगर जिल्हा पर्जन्यछायेतला, कोरड्या हवेचा. माळशेज घाट चढून येणाऱ्या कोकणातल्या गाड्यांवर दिसतो तसा खाऱ्या हवेचा गंज इथल्या गाड्यांवर क्वचितच. इथे बोल्ट जाम होतात ते तेलात कालवून भाजलेल्या धुळीने, रेडिएटरच्या पाण्याने, एक्झॉस्टच्या उष्णतेने आणि आधीच्या दुरुस्तीत पाइप घालून अति आवळल्याने. यातले शेवटचे कारण पूर्णपणे माणसाच्या हातातले आहे.

आधी तेल आणि वेळ

कोन सुटायला लागल्याचे हाताला जाणवते: पाना किंचित उचलला जातो, ‘कट’ असा आवाज येतो. थांबण्याचा क्षण तोच. डोके अजून निम्मे शाबूत असते आणि पुढचे सगळे उपाय हाताशी असतात. नंतरची प्रत्येक जोरकस खेप त्यातला एकेक उपाय बाद करते. म्हणून या कामात क्रमाला महत्त्व आहे. सौम्य उपाय आधी, आणि ज्यातून माघार घेता येत नाही असे उपाय सर्वांत शेवटी.

पहिले काम सफाईचे. डोक्याभोवतीचा मळ तारेच्या ब्रशने काढावा, नाहीतर पाना पूर्ण खोलीपर्यंत बसत नाही. मग आट्यांत उतरणारे पातळ तेल द्यावे. यासाठी सर्रास वापरला जाणारा डब्ल्यूडी-४० हा स्प्रे १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाला. जाम आटे सोडवण्यासाठी वेगळी, जास्त झिरपणारी तेलेही मिळतात. गावाकडे डिझेल किंवा रॉकेल वापरतात, तेही उपयोगी पडते. पण यांपैकी काहीही पाच मिनिटांत काम करत नाही. संध्याकाळी तेल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे, सकाळी पुन्हा द्यावे. मधूनमधून डोक्यावर हातोडीचे सरळ, नेमके ठोके द्यावेत. ठोक्याने आट्यांतला गंज तडकतो आणि तेलाला वाट मिळते. हे ठोके लोखंडी ब्लॉकवरच्या बोल्टला मोकळेपणाने देता येतात. ॲल्युमिनियमच्या पातळ कानावरच्या बोल्टला हलक्या हाताने.

मग पाना लावून बोल्ट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा. नवख्याला हे उलटे वाटते, पण गंजाची पकड कोणत्याही दिशेने सुटली तरी चालते, आणि आवळण्याच्या बाजूचे कोन अजून ताजे असतात. केसभर हालचाल मिळाली की पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा मागे, पुन्हा तेल, अशी ये-जा करत राहावे. सलग एका दिशेने ओढत नेलेला बोल्ट स्वतःच्याच गंजाच्या भुकटीत पुन्हा अडकतो आणि तिथे तुटतो.

दुसऱ्या मापाची गोटी

साध्या तोंडाचा फिक्स पाना फक्त दोन बाजू धरतो. रिंग पाना आणि गोटी (सॉकेट) डोक्याला सगळीकडून धरतात. पण बहुतेक रिंग पाने बारा खाचांचे असतात आणि त्यांची पकड कोनाच्या अगदी टोकाशी असते. झिजलेल्या डोक्याला सहा खाचांची, जाड भिंतीची गोटीच हवी. ती कोन सोडून बाजूच्या सपाट अंगावर जोर टाकते.

तीही निसटत असेल तर किंचित लहान मापाची गोटी हातोडीने ठोकून बसवतात. इथे मघाचे सुताचे पाने गुणाला येतात. १३ चे डोके गोल झाले असेल तर १२ ची गोटी बहुधा चढत नाही, पण चार सुताची, १२.७ मिलिमीटरची गोटी घट्ट ठोकली जाते आणि पकडते. १० च्या डोक्याला तीन सुताची, म्हणजे ९.५२ ची. ज्या मापांच्या गल्लतीने बोल्ट बिघडतात तीच मापे त्यांना बाहेर काढतात. जुन्या जीप आणि ट्रॅक्टरांवर हात बसलेल्या मिस्त्र्यांच्या पेटीत इंचाच्या गोट्या आजही जपून ठेवलेल्या दिसतात, त्याचे एक कारण हे आहे.

या कामासाठी खास गोट्याही मिळतात. त्यांच्या आतल्या भिंतीवर उलट वळणाच्या धारा असतात. सोडवण्याच्या दिशेने जितके फिरवावे तितक्या त्या डोक्यात रुततात. डोके साफ वाटोळे झाले असेल आणि भोवती जागा असेल, तर कानशीने समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करून त्यांवर व्हाइस ग्रिप आवळावी. छिन्नीने डोक्याच्या कडेला खाच पाडून, छिन्नी तिरपी धरून ठोकत बोल्ट फिरवणे हा जुना आणि अजूनही खरा उपाय आहे. त्यात जोराबरोबर हादराही पोचतो. एलन बोल्टचे आतले षट्कोनी भोक घासले असेल तर त्यात किंचित मोठा टॉर्क्स बिट ठोकून बसवतात. आणि लहान इंजिनांच्या कव्हरांवरच्या चौफुली स्क्रूंना हाताचा स्क्रूड्रायव्हर न लावता इम्पॅक्ट ड्रायव्हर लावावा. त्याच्या मागच्या टोकावर हातोडी मारली की तो एकाच वेळी स्क्रूला आत दाबतो आणि फिरवतो, त्यामुळे टोक खाचेतून उसळत नाही.

आच

तेल आणि पाना थकले की उष्णता. ती कुठे द्यायची हे धातूवर ठरते. तापमानाच्या प्रत्येक अंशाला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ॲल्युमिनियमच्या हेडमधला ८ मिलिमीटरचा पोलादी बोल्ट घेऊ. हेड आणि बोल्ट दोन्ही १०० अंशांनी तापले, तर भोक बोल्टपेक्षा सुमारे ९ मायक्रॉन जास्त मोकळे होते. केसाच्या जाडीचा हा आठवा-दहावा भाग. पण पांढऱ्या भुकटीची पकड तडकायला तेवढे बहुधा पुरते. म्हणून ॲल्युमिनियममध्ये बोल्टभोवतीचा भाग तापवावा, तोही हॉट एअर गनने किंवा सतत फिरत्या हलक्या ज्योतीने. ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही. शुद्ध धातू ६६० अंशांना वितळतो, इंजिनातले मिश्रधातू त्याआधीच. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र होऊन उडाला की एवढी उष्णता पुरे.

बिडाच्या ब्लॉकमध्ये गणित वेगळे. बीड आणि पोलाद जवळपास सारखेच फुगतात, म्हणून सगळे एकदम तापवून काही साधत नाही. तिथे बोल्टलाच तापवायचे. तापलेला बोल्ट भोकाच्या भिंतीवर फुगतो आणि मधला गंज चिरडतो. थंड होताना आकसतो आणि चिरडलेल्या गंजापासून सुटतो. विजेच्या वेटोळ्याने फक्त बोल्ट तापवणारे इंडक्शन हीटर यासाठी उत्तम, कारण त्यात ज्योत नाही.

तापलेल्या बोल्टवर मेणबत्तीचे टोक टेकवण्याची युक्ती जवळून पाहण्यासारखी असते. ट्रॅक्टरच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्टड गॅसने मंद लाल होईपर्यंत तापवतात आणि लाली गेल्यावर त्याच्या बुडाशी, आटे जिथे आत शिरतात तिथे, साधी पांढरी मेणबत्ती धरतात. मेण लगेच पाण्यासारखे पातळ होते. पहिले दोन थेंब धूर होऊन जातात. पुढचे थेंब मात्र बाहेर ओघळत नाहीत. स्टडभोवतीच्या काळ्या रेषेत शोषले जातात, जणू तहानलेल्या मातीत पाणी जिरावे. रेषा ओली चमकू लागली की मेण आट्यांत पोचले. स्टड थोडा निवल्यावर व्हाइस ग्रिपने तो हळूच पुढे-मागे केला की कुरकुर आवाज करत फिरू लागतो.

आगीचा धोका इथे खरा आहे. पेट्रोलची गळकी नळी, ऑइलचा थर, सीएनजी किंवा एलपीजीची लाइन जवळ असताना ज्योत लावू नये. ब्रेक क्लीनर फवारलेल्या जागी तर कधीच नाही. काही क्लीनरमधली क्लोरीनयुक्त द्रव्ये तापून अत्यंत विषारी वायू सोडतात. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट तापला की पांढरा धूर येतो, तो छातीत जाऊ देऊ नये. आणि लाल केलेला बोल्ट पुन्हा वापरू नये, त्याचा कणखरपणा गेलेला असतो.

डोके तुटले तर

तुटलेला दांडा थोडा बाहेर असेल तर वेल्डिंग हा सर्वांत खात्रीचा उपाय, आणि अनुभवी मिस्त्री ड्रिलच्या आधी त्याकडेच वळतात. दांड्यावर वायसर ठेवून वेल्ड मारतात, त्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून पुन्हा वेल्ड भरतात. यात नव्या, कोऱ्या कोनांचे डोके मिळते आणि सोबत बोल्टला आतून आच मिळते. ॲल्युमिनियमच्या भोकात तर दांडा पृष्ठभागाच्या थोडा खाली तुटला असला तरी चालते, कारण पोलादाचे वेल्ड ॲल्युमिनियमच्या भिंतीला धरत नाही. घाई इथेच नडते. नट लालभडक असताना पाना लावला तर जोड पिळून तुटतो. लाली जाऊन नट काळा पडू द्यावा, मग हलवावे. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढाव्यात. इंजिन कंट्रोल युनिटचे प्लगही काढून ठेवणे शहाणपणाचे.

डोके जागेवर पण वाटोळे असेल आणि कशालाच धरत नसेल, तर ते मुद्दाम ड्रिलने कापून टाकण्याचा मार्ग आहे. हा उपाय लोकांना घाबरवतो, तितका तो घाबरण्यासारखा नाही. डोके उडाले की बोल्टमधला ताण जातो, आणि डोक्याखालचे निम्मे घर्षणही त्याच्याबरोबर जाते. वरचा भाग उचलून काढल्यावर दांडा दोन बोटे वर उभा राहतो आणि अनेकदा व्हाइस ग्रिपला सहज वळतो. कधी नुसत्या बोटांनीही.

दांडा पृष्ठभागाशी सपाट किंवा खोल तुटला असेल आणि वेल्डिंग जमत नसेल तेव्हा ड्रिल. सगळे यश मध्यबिंदूवर असते. तुटलेला खडबडीत माथा आधी सपाट करून सेंटर पंचाने नेमका मध्य मारावा. ३ मिलिमीटरचे भोक पाडून ते हळूहळू मोठे करावे. ८ मिलिमीटरच्या बोल्टचा आट्यांच्या आतला गाभा साडेसहा मिलिमीटरच्या आसपास. भोक मध्यावर राहिले तर तिथपर्यंत जाता येते आणि उरलेले आटे तारेच्या स्प्रिंगसारखे उचकटून निघतात. एक मिलिमीटर जरी बाजूला गेले तरी ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे पळते. डाव्या वळणाचे ड्रिल बिट वापरले तर भोक पाडतानाच अनेकदा बोल्ट फिरून बाहेर येतो.

भोकात ठोकून उलटा फिरवायचा ‘एक्स्ट्रॅक्टर’ दुकानात हमखास सुचवला जातो. त्याची मर्यादा समजून घ्यावी. जो बोल्ट गंजाने इतका धरलेला आहे की पूर्ण जाडीचा दांडा पिळून तुटला, त्यात बसवलेली बारीक, कडक, ठिसूळ कळ तो हलवील ही अपेक्षाच चुकीची. अति आवळल्याने डोके उडालेला, पण आटे मोकळे असलेला बोल्ट मात्र एक्स्ट्रॅक्टरने सुरेख निघतो. चिकटलेल्या बोल्टमध्ये एक्स्ट्रॅक्टर तुटला तर तो साध्या ड्रिलला दाद देत नाही. मग भाग उतरवून औद्योगिक वसाहतीतल्या, साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये न्यावा लागतो. तिथे स्पार्क इरोजनच्या यंत्रावर ठिणग्यांनी तो कण-कण झिजवतात आणि भोवतीचे आटे वाचतात.

ॲल्युमिनियमच्या लहान, सुट्या भागासाठी घड्याळजींची एक जुनी रीत उपयोगी पडते. तुरटीच्या गरम, दाट द्रावणात भाग बुडवून ठेवला की पोलादी तुकडा हळूहळू विरघळतो आणि ॲल्युमिनियम बरेचसे तसेच राहते. याला कित्येक तास, कधी दिवस लागतात. भागात दुसरे पोलादी काही नसावे, आणि भांडे लोखंडाचे नसावे.

गेलेले आटे

आटे गेलेला बोल्ट जागच्या जागी फिरत असेल तर त्याच्या डोक्याखाली पातळ छिन्नी किंवा स्क्रूड्रायव्हर सरकवून वरच्या दिशेने ताण द्यावा आणि त्याच वेळी तो उलटा फिरवावा. उरल्यासुरल्या आट्यांना धरत तो वर येतो. मग भोक पाहावे. दोन-तीनच आटे दुखावले असतील तर टॅप फिरवून ते साफ करता येतात. सगळेच गेले असतील तर आता हेलिकॉइल हा रूढ उपाय आहे. ही स्टेनलेस स्टीलच्या चौकोनी तारेची वेटोळी. ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोक सुमारे ८.३ चे करून त्यात संचातल्या खास टॅपने आटे मारतात आणि ही वेटोळी आत वळवतात. आतून पुन्हा ८ चेच आटे मिळतात. ॲल्युमिनियममधला हा जोड मूळ आट्यांपेक्षाही टिकाऊ असतो. स्पार्क प्लगच्या भोकाला मात्र जाड भिंतीचा बुश जास्त भरवशाचा, आणि शक्य तर ते काम हेड उतरवून करावे, म्हणजे धातूचा कीस सिलिंडरमध्ये पडत नाही. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा बोल्टला धागा लावून वेळ मारून नेणे ड्रेन प्लगच्या बाबतीत फार महागात पडते. तो वाटेत निघाला तर ऑइल सांडते आणि इंजिन जाम होते.

परत बसवताना

नवा बोल्ट जुन्याच्याच ताकदीचा हवा. डोक्यावर ८.८ कोरलेले असेल तर पहिला आकडा सांगतो की तो तुटेपर्यंत प्रति चौरस मिलिमीटर सुमारे ८०० न्यूटन ताण सोसतो, आणि दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा लांबत नाही. १०.९ च्या जागी ८.८ लावू नये. सिलिंडर हेडचे अनेक बोल्ट एकदाच ताणण्यासाठी बनवलेले असतात. निर्मात्याने तसे सांगितले असेल तर ते पुन्हा वापरू नयेत. आंधळ्या भोकात तेल किंवा पाणी साचलेले असेल तर ते हवेच्या झोताने काढावे. बोल्ट खाली येताना त्या द्रवाला जायला जागा नसते आणि त्याच्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

सुरुवातीचे फेरे नेहमी बोटांनीच द्यावेत. बोट अडले तर बोल्ट तिरपा आहे किंवा आटा वेगळा आहे. शेवटचा जोर टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकात दिला असेल तेवढाच. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर लागतात; वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला पाच किलोचा दाब दिला की तेवढे होते. ८ च्या बोल्टला साधारण २५. चाळीस सेंटिमीटरचा पाइप घालून साठ किलोचा माणूस त्यावर भार टाकतो तेव्हा सुमारे २३५ न्यूटन मीटर होतात. इंजिनावरचे बहुतेक बोल्ट त्याच्या पाव जोरातही तुटतील. एक्झॉस्टजवळच्या आणि पोलाद-ॲल्युमिनियमच्या जोडांना उष्णता सोसणारे अँटिसीझ वंगण लावावे. वंगणाने घर्षण घटते आणि त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून कोरड्या बोल्टसाठी दिलेला आकडा वंगण लावल्यावर तसाच वापरू नये. थोडा कमी करावा. थर्मोस्टॅट हाउसिंग पुन्हा बसवले की रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी न भरता डिस्टिल्ड पाण्यात कालवलेले कूलंट भरावे, आणि इंजिन एकदा तापून पूर्ण थंड झाल्यावर त्या बोल्टांच्या कडेला ओल फुटली आहे का ते बोट फिरवून पाहावे.